न दिसणाऱ्या पुराव्याचं राज्य

सालेममधल्या फाशा थांबल्या, तेव्हा तिथल्या एकाही वजनदार माणसाचा चेटकिणींवरचा विश्वास उडालेला नव्हता. आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’मध्ये बरंच काही आहे, पण ही गोष्ट नाही, आणि मला ती नाटकाइतकीच महत्त्वाची वाटते. १६९२ च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १९ जणांना फासावर चढवलं गेलं. ऐंशीच्या घरातल्या एका शेतकऱ्याला अंगावर दगड रचून चिरडलं. किमान पाच जण तुरुंगात मेले. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर विल्यम फिप्सने ते खास न्यायालय मोडलं आणि जानेवारी १६९३ मध्ये नवं न्यायालय बसलं. मुख्य न्यायाधीश पुन्हा तोच, विल्यम स्टॉटन. हार्वर्डमध्ये शिकलेला आणि चेटकिणींचा नायनाट हे देवाचंच काम आहे असं मनापासून मानणारा. तुरुंगातले आरोपी तेच, त्यांच्यावरचा आळही तोच. फक्त एक नियम बदलला होता. ‘तिची आकृती रात्री येऊन माझ्या छातीवर बसली’ ही साक्ष पुरावा म्हणून धरायची नाही, असं ठरलं. त्यानंतर पन्नासच्या आसपास आरोपींमधून जेमतेम तिघं दोषी ठरली, आणि त्यांचीही फाशी फिप्सने रोखली. स्टॉटन संतापून न्यायासन सोडून निघून गेला.

फिप्सच्या शहाणपणाचं फार कौतुक करायला नको. आळ गरीब, भांडकुदळ, एकट्यादुकट्या बायांवर येत होता तोवर त्याने न्यायालयाला मोकळं रान दिलं होतं. शरद ऋतूपर्यंत कुजबुज त्याच्या बायकोच्या नावापर्यंत पोचली होती. पण माणसाचा हेतू काहीही असो, त्याने जे केलं त्याचा परिणाम आपल्यासमोर आहे. लोकांच्या डोक्यातलं भूत जागच्या जागी राहिलं आणि तरीही माणसं मरायची थांबली.

हे मी सिंदी रेल्वेत बसून लिहितो आहे. नागपूर-वर्धा लोहमार्गावरचं आमचं हे गाव. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेशी घोटाळा होऊ नये म्हणून नावापुढे ‘रेल्वे’ लागलं आणि तेच चिकटलं. कपाशी, सोयाबीन, तान्हा पोळ्याचे माणसाहून उंच लाकडी नंदी, आणि अलीकडे ड्राय पोर्टच्या गप्पा, अशी आमची ओळख. इथे चेटकिणीचा विषय काढला की समोरचा हमखास म्हणतो, ‘ते तिकडं, गडचिरोलीत, मेळघाटात.’ तिकडं म्हणजे जंगलात, आदिवासींत, न शिकलेल्यांत. हाच समज मला खोडायचा आहे. कारण तो आपल्याला सुखाचा आहे, आणि चुकीचाही.

आधी नाटक. ‘द क्रूसिबल’ २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आलं. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट शोधून काढण्याची लाट होती. मिलरचा मित्र आणि त्याच्या नाटकांचा दिग्दर्शक एलिया कझान याने आदल्याच वर्षी संसदेच्या समितीपुढे जुन्या सोबत्यांची नावं सांगून स्वतःची सुटका करून घेतली होती. तीन वर्षांनी मिलरलाच बोलावणं आलं. स्वतःबद्दल काय ते विचारा, दुसऱ्यांची नावं मी सांगणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. १९५७ मध्ये त्याला अवमानाबद्दल दोषी ठरवलं गेलं आणि १९५८ मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. म्हणजे दुसऱ्यांची नावं द्यायला नकार देणाऱ्या, नाटकातल्या जॉन प्रॉक्टरवर आलेली वेळ लेखकावर नाटक लिहून झाल्यानंतर आली.

सालेमचं गणित आणि वॉशिंग्टनचं गणित एकच होतं: कबूल करा, चार नावं द्या, सुटा. १६९२ मध्ये सुमारे पन्नास जणांनी ‘होय, मी सैतानाशी करार केला’ असं कबूल केलं, आणि कबुलीवर टिकून राहिलेल्या एकालाही फाशी झाली नाही. ज्याने आधी कबूल केलं आणि मग मनाला लागून शब्द मागे घेतला, तो मात्र लटकला. खरं बोलणाऱ्याला मरण आणि खोटं बोलणाऱ्याला जीवदान, अशी व्यवस्था एकदा लागली की ती स्वतःचं इंधन स्वतःच तयार करते. प्रत्येक कबुलीतून नवी नावं येतात, आणि नव्या नावांमुळे न्यायालयाला वाटतं की आपला संशय किती रास्त होता. रिबेका नर्सचं प्रकरण तर कुणीही वाचावं. सत्तरी ओलांडलेली, देवभोळी, गावात मान असलेली बाई. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं. स्टॉटनने त्यांना पुन्हा विचार करायला परत पाठवलं. ते दोषी म्हणून परत आले. १९ जुलैला तिला फाशी झाली.

नाटकातला सर्वांत भेदक भाग मला प्रॉक्टरच्या प्रसिद्ध नकारात सापडत नाही. तो थोडा आधी, न्यायाधीश डॅनफोर्थच्या बोलण्यात आहे. आधी बारा जणांना टांगून झालंय. आता उरलेल्यांना सोडलं तर त्या बारांचं काय उत्तर द्यायचं, अशा अर्थाचं तो बोलतो. इतका वेळ आपण घाबरलेलं गाव पाहत असतो. इथे कळतं की घाबरलेली सत्ताही समोर आहे. तिचं भय सैतानाचं नाही. आपण चुकलो असं उघड होईल, हे तिचं भय आहे. (खऱ्या डॅनफोर्थवर मिलरने अन्यायच केला, हे जाता जाता नोंदवायला हवं. तो माणूस त्या फाशा देणाऱ्या न्यायालयात नव्हताच, उलट त्याच्या कामावर नाराज होता. नाटकातली खुर्ची खरं तर स्टॉटनची.)

नाटकावरचा माझा मोठा आक्षेप मात्र दुसरा आहे. खरी ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची पोर होती आणि खरा प्रॉक्टर साठीचा. मिलरने तिला सतराची केलं, त्याला तिशीत आणलं आणि दोघांत शरीरसंबंध घातला. नाटकाला त्यामुळे धार आली, हे खरं. पण सगळ्या हत्याकांडाचं मूळ नाकारल्या गेलेल्या एका मुलीच्या सूडात जाऊन बसलं. न्यायाधीश, पाद्री, शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारा पटनम, हे सगळे मग तिच्या खोटेपणाला फसलेले वाटू लागतात. बायांवरचा आळ खोटा ठरवायला निघालेलं नाटक शेवटी खापर फोडायला एक बाईच शोधतं.

आपल्या तेंडुलकरांनी ही चूक केली नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगायनने केलं, तेव्हा त्यात भूत, सैतान, देव यांतलं काहीच नव्हतं. वेळ घालवायचा म्हणून सुरू झालेला अभिरूप खटला, आरोपी म्हणून सहज पुढे केलेली लीला बेणारे, न चालणारा वकील सुखात्मे, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला काशीकर. आयुष्यात ज्यांच्या हाती कधी काही आलं नाही, त्यांच्या हाती तासाभरासाठी एका बाईची अब्रू येते आणि ते फुलून येतात. त्यातली सामंतची साक्ष आठवून पाहा. हा साधा गावकरी पिंजऱ्यात उभा राहून चक्क हातातल्या एका कादंबरीतून साक्ष देतो. तो काय सांगतोय हे त्याचं त्यालाही धड ठाऊक नसतं, आणि तरी खटला त्यावर पुढे सरकतो. सालेमच्या पोरींना दिसलेल्या आकृत्यांत आणि सामंतच्या कादंबरीत पुरावा म्हणून काय फरक आहे? आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडलं ते प्राध्यापक दामले अख्ख्या नाटकात येतच नाहीत. त्यांच्यावर खटला चालावा, हे कुणाच्या मनातही येत नाही.

पाचच वर्षांनी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तेंडुलकरांनी धर्माचा धागाही आत घेतला. चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हाती तापलेला लोखंडी गोळा ठेवला जातो. हात भाजला म्हणजे चोर. आपल्याकडे दिव्य हा न्यायदानाचा मान्य प्रकार होता. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढण्याचं रवादिव्य मराठेशाहीच्या कागदपत्रांत सापडतं, आणि त्याचे अवशेष काही जातपंचायतींतून अजून अधूनमधून उघडकीस येतात. भाजलेला हात सगळ्यांना दिसतो, पण तो काय सिद्ध करतो ते कुणालाच दिसत नाही. ते सांगण्याचा हक्क खुर्चीत बसलेल्याकडे असतो. तेव्हा धर्म इथे भय निर्माण करतो असं मी म्हणणार नाही. भय आधीपासून असतंच: दुष्काळाचं, तापाचं, मेलेल्या लेकराचं. धर्माच्या नावाने कुणीतरी त्या भयावर शिक्का मारतो, आणि तो शिक्का मारणाऱ्याला गावात वजन येतं.

आता विदर्भ. १ मे २०२४ रोजी गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात एक बाई आणि एक वृद्ध पुरुष यांना जादूटोण्याच्या संशयावरून जाळून मारलं गेलं. निर्णय गावाने मिळून घेतला होता. अटक झालेल्यांत त्या बाईचा नवरा आणि मुलगाही होते. सालेममध्ये सारा गुडविरुद्ध तिचा नवरा बोलला होता, आणि तिची चार-पाच वर्षांची पोरही साखळदंडात पडली होती. त्या पोरीच्या तोंडून आईविरुद्ध साक्ष वदवून घेतली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात खांबांना बांधून मारलं गेलं. त्यांत म्हातारी माणसं होती, बाया होत्या. आळ भानामतीचा. ३० डिसेंबर २०२४ ला मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात रेट्याखेड्याला ७७ वर्षांच्या म्हातारीला जादूटोण्याच्या संशयावरून बांधून मारलं, मिरचीची धुरी दिली, चपलांचा हार घालून गावातून फिरवलं. मारहाणीत पुढाकार घेतल्याचा आरोप आहे तो गावच्या पोलीस पाटलावर. कुटुंबाला न्यायासाठी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांपर्यंत जावं लागलं. बाहेर बोभाटा झाला तो जानेवारी २०२५ मध्ये.

या तीन घटनांत मला जंगल दिसत नाही, पंचायत दिसते. चौक दिसतो, बैठक दिसते, ठराव दिसतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावात गुन्हा होऊ न देणं आणि झाला तर ठाण्याला कळवणं हे ज्याचं काम, त्याच पदावरच्या माणसावर आरोप आहे. एखाद्या घाबरलेल्या बापाने रागाच्या भरात काठी उचलली असती तर तो एक गुन्हा झाला असता. गाव जमतं, कुणीतरी बोलतं, कुणी नाही म्हणत नाही आणि मग बांधायला दोर येतो, तेव्हा तिथे न्यायालय भरलेलं असतं. त्याला फक्त पाटी नसते.

आणि आपण नेमकं या टप्प्यावर ‘अज्ञान’ हा शब्द वापरून मोकळे होतो. स्टॉटन अज्ञानी नव्हता. सालेमच्या खटल्यांची पाठराखण करणारा पाद्री कॉटन मॅथर त्याच्या काळातला अव्वल विद्वान होता. पुढे १७२१ मध्ये बोस्टनला देवीची साथ आली तेव्हा, लोक अंगावर धावून येत असतानाही, टोचण्याचा पुरस्कार याच माणसाने केला. शिक्षणाने माणूस विज्ञानाकडे जातो हे खरं, पण शिकलेला माणूस आळ घेण्याच्या सोयीपासून आपोआप दूर जात नाही. धुऱ्याची भांडणं आमच्याकडेही आहेत. वावराच्या वाटणीत अडसर ठरणारी निपुत्रिक चुलती आमच्याकडेही आहे. आमच्यातल्या डिग्रीवाल्यांच्या घरीही दवाखान्याच्या तिसऱ्या फेरीनंतर कुणीतरी हळूच म्हणतं की हे बाहेरचं दिसतं, कुणाला तरी दाखवून घ्या. दाखवलं की नाव निघतं. बाहेरून आलेला मांत्रिक कधी सरपंचाच्या घराकडे बोट करत नाही. गावातली सत्तेची उतरंड त्याला पहिल्या चहातच कळते, आणि बोट नेमकं तळाशी जातं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, विदर्भात मारबत काढतात. पहाटे पुतळा गावाबाहेर नेताना रोगराई, खोकला, माशा-मच्छर सगळं घेऊन जा, अशा आरोळ्या ठोकतात. नागपूरची काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची, असं सांगतात. लहानपणापासून पाहत आलेला हा उत्सव बंद करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. पुतळा जाळून गावाच्या मनातलं जळत असेल तर ती फार स्वस्त सुटका आहे. पण काळ्या मारबतीची जी आख्यायिका सांगतात, ती विचार करायला लावते. ती म्हणे भोसल्यांच्या घरातली बाकाबाई, इंग्रजांना सामील झालेली. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं ते डलहौसीच्या धोरणाने. दत्तकाचा हक्क नाकारणारे कागद कलकत्त्याला लिहिले गेले. गल्लीबोळांतून वर्षानुवर्षं मिरवला जातो तो मात्र घरातल्या एका विधवेचा पुतळा. एवढं मोठं राज्य बुडालं त्याचा जाब कुणाला विचारायचा, हे ठरवताना आपली नजर किती सरावाने वळते, ते यात दिसतं.

म्हणून २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. त्याचा ठराव विधान परिषदेने १९९५ मध्येच केला होता. पुढे अठरा वर्षं मसुदे बदलले, सरकारं बदलली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि मग काही दिवसांतच वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात कायदा झाला. एका माणसाने जीव गमावल्याशिवाय हा कागद हलला नाही, याची लाज वाटायला हवी. मधल्या काळात विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की हा कायदा उद्या वारी बंद करेल, सत्यनारायणाला हात घालेल. कायदा उघडून वाचला की कळतं की कीर्तन, भजन, वारी, प्रदक्षिणा यांना तो स्पष्टपणे बाहेर ठेवतो. अनुसूचीतल्या बारा बाबींपैकी एक मला सगळ्यांत मोलाची वाटते: अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई पसरते, असं पसरवून तिचं जगणं कठीण करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

बारकाईने पाहिलं तर ही बाब श्रद्धेला हातही लावत नाही. तुम्ही मनात हवं ते माना. शेजारणीच्या नावाने बोललात तर मात्र गुन्हा. फिप्सने १६९२ च्या शेवटी नकळत जे केलं, ते आपल्या कायद्याने जाणूनबुजून केलं. माझं म्हणणं असं की अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने आपलं बळ आणखी इथे लावावं. लोकांच्या डोक्यातून भूत काढण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालेल, चालावंही. पण तोवर वाट बघायला त्या ७७ वर्षांच्या म्हातारीला वेळ नाही. तिच्या गावातला प्रत्येक माणूस उद्याही करणी मानेल असं गृहीत धरा, आणि तरीही तिला कुणी बांधू शकणार नाही, अशी व्यवस्था उभी करा. ती पोलीस पाटलापासून, ग्रामसेवकापासून, ठाणेदारापासून सुरू होते. शाळेतल्या विज्ञानाच्या धड्यापासून नाही. कायद्याने दक्षता अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तो आपल्या तालुक्यात कोण, हे सिंदीत दहा जणांना विचारून पाहा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. श्रद्धा तशीच ठेवून नुसता पुरावा नाकारला, तर भय दुसरी वाट काढतं. खरं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेले पाच डवरी गोसावी मुलं पळवणारे समजून मारले गेले. तिथे भूत नव्हतं, देव नव्हता. मोबाईलवर फिरलेली अफवा होती. त्यांना कोंडून मारलं ते ग्रामपंचायतीच्या खोलीत. म्हणजे करणीवरचा विश्वास पूर्ण पुसला असता तरी ही माणसं वाचली नसती. अफवेलाही सामंतच्या कादंबरीसारखाच एक गुण असतो: ती कुणी पाहिलेली नसते, म्हणून कुणाला खोडताही येत नाही. माझ्या मते हा आक्षेप शेवटी माझीच बाजू बळकट करतो. न दिसणाऱ्या पुराव्यावर माणसाला धरायचं नाही, ही सवय एकदा लागली तर ती भुतालाही लागू पडते आणि व्हॉट्सॲपलाही.

धर्माला मी एवढ्यावर सोडून देतोय असं कुणाला वाटेल. पण सालेमची आग पाद्री पॅरिसच्या घरात लागली आणि ती विझवायला सर्वांत उपयोगी पडला तोही एक पाद्रीच, कॉटनचा बाप इन्क्रीज मॅथर. एक निरपराध मरण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या, असं त्याने ऑक्टोबर १६९२ मध्ये लिहिलं. चेटकिणी असतात हे त्याला मान्यच होतं. आमच्याकडे गाडगेबाबांनी कीर्तनात उभं राहून नवस-सायासाची टर उडवली, तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन गावोगाव तेच सांगितलं. वर्धा-अमरावतीच्या खेड्यांत त्यांची भजनमंडळं अजून आहेत. विवेकवाद्याचं भाषण जिथे पोचत नाही, तिथे हे भजन पोचतं. ज्या मंडळात दर गुरुवारी खंजिरी वाजते, त्या मंडळाच्या अध्यक्षाने गावबैठकीत उभं राहून ‘थांबा, आधी ठाण्याला फोन करू’ एवढं म्हटलं, तर त्याचं वजन शहरातून आलेल्या कार्यकर्त्यापेक्षा जास्त पडेल. तो उठत नाही, ही खरी अडचण आहे. त्याच्या श्रद्धेमुळे तो गप्प बसत नाही. उद्या आपल्याही नावाने बोट उठेल, म्हणून बसतो.

आणि वाचलेल्यांचं पुढे काय? मॅसॅच्युसेट्सने १६९७ मध्ये पश्चात्तापाचा उपवास पाळला, न्यायाधीश सॅम्युअल स्यूअलने चर्चमध्ये उभं राहून आपली चूक वाचून दाखवायला लावली, १७०६ मध्ये साक्ष देणाऱ्या ॲन पटनमने माफी मागितली, १७११ मध्ये नुकसानभरपाई मिळाली. शेवटचं नाव, एलिझाबेथ जॉन्सनचं, निर्दोष ठरायला २०२२ उजाडलं. या सगळ्यांत मला १७१२ सालची एक छोटी कृती जास्त भावते. सालेमच्या चर्चने आपल्याच दप्तरातली रिबेका नर्सला बहिष्कृत केल्याची नोंद रद्द केली. ज्या वहीत आळ लिहिला होता त्याच वहीत तो खोडला.

आपल्या कायद्यात शिक्षा आहे, पण आळ आलेल्या बाईला त्याच गावात पुन्हा उभं करण्याची तरतूद नाही. राजस्थानने २०१५ मध्ये असा कायदा केला तेव्हा गावावर सामूहिक दंड बसवण्याचीही सोय ठेवली. आपल्याकडे आरोपी जामिनावर सुटून येतात, खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो, आणि म्हातारी मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला जाते. मग तिचं घर पडतं, आणि वावर कुणीतरी कसायला घेतं. म्हणून माझी एक साधी मागणी आहे. अशी घटना घडली की तहसीलदाराने त्याच गावात, त्याच चौकात ग्रामसभा बोलवावी, आणि अमुक बाईवर घेतलेला आळ खोटा होता व तो गावाने घेतला होता, असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा. क्रमांकासह, सह्यांसह. ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. त्या दोन रकान्यांत आपलं नाव घालायला कोण हात वर करतो, हे त्या दिवशी सगळ्या गावाला दिसेल.